आजारी माणूस चालतो, अशी तक्रार

खाडीकाठच्या जेसल पार्क वस्तीतल्या त्या घरातला चहा मी अजून विसरलेलो नाही. चहावरून उलगडा झालेलं माझ्या नोकरीतलं ते एकच प्रकरण.

एका दुपारी पोलीस ठाण्यात एका बाईचा निनावी फोन आला. तिने त्या घराचा पत्ता दिला. पक्षाघात झालेल्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या कंपनीच्या आरोग्य योजनेतून घरी नर्स मिळत होती. अट अशी की रुग्ण आधाराशिवाय घराबाहेर पडू शकत नाही, असा डॉक्टरांचा दाखला हवा.

"तो माणूस चालतो," बाई म्हणाली. "नर्सचा हात धरून रोज खिडकीपर्यंत जातो. दोघं मिळून योजनेला फसवतायत. आणि तिला चहासुद्धा धड येत नाही, नुसतं पाणी! तरी हा मिटक्या मारतो." फोन बंद.

स्टेशन डायरीत नोंद होऊन चौकशी माझ्याकडे आली. गुन्हा दाखल झाला असता तर नर्सची नोकरी गेली असती आणि त्या गृहस्थांची शुश्रूषाही. म्हणून आधी शहानिशा करायला महिला शिपायाला घेऊन साध्या कपड्यांत गेलो.

दार त्या गृहस्थांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी उघडलं. गुडघे गेलेले, भिंत धरून चालत होत्या. नर्स जवळच्याच उत्तन गावची होती. मी विचारताच ती सरळ म्हणाली, "चालवते ना, साहेब. डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यात लपवायचं काय हाय?"

खिडकीसमोर नुसती खाडी होती. बाहेरच्या कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात नर्सने चहाचं विचारलं आणि काकू फणकारल्या, "तिच्या हातचा नको, साहेब. नुसतं पाणी असतं."

फोनवरच्या बाईचेही हेच शब्द होते. फसवणुकीची खबर देणारा बाहेरचा माणूस चहाची तक्रार करत नाही. मी काकूंना स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "फोन तुम्हीच केलात ना?"

त्या एकदम उसळल्या. "लग्न झाल्यापासून यांचं सगळं मी केलं! मी म्हणते, उठा, माझा हात धरा, तर तोंड फिरवतात. ती आली की लगेच उभे! आणि मी बसून बघायचं?"

मी योजनेच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधाराने चार पावलं टाकणं म्हणजे फसवणूक नव्हे. एकट्याने बाहेर पडता येत नाही तोवर नर्स मिळणारच. मी हे घरात सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे ती येतच राहणार?"

पलंगावरून गृहस्थांचा अडखळता आवाज आला. "तुझे गुडघे... माझं वजन आलं तर दोघंही पडू."

"पडू की! पण एकदा माझा हात तर धरा!" काकू ओरडल्या आणि रडायला लागल्या.

नर्सने त्यांना गृहस्थांच्या चांगल्या बाजूला उभं केलं आणि स्वतः दुसरीकडून धरलं. तिघं खिडकीपर्यंत गेले. काकूंनी नवऱ्याचा हात असा आवळला होता की नर्सला म्हणावं लागलं, "काकी, जरा सैल."

काकूंना मी तोंडी समज दिली आणि 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारला. पण समज देऊन मत्सर जात नाही, हे मला तिथेच कळलं. पुढे अशा तक्रारीत आरोप कुणावर आहे, यापेक्षा तक्रारदाराचं काय हरवलंय, ते मी आधी पाहू लागलो.

निघताना काकूंनी स्वतः चहा केला. पहिला कप नर्सच्या हातात देऊन म्हणाल्या, "हं, पिऊन बघ. यांना असा लागतो."