मेला की पुन्हा पहिल्यापासून!

आमच्या रिसोडच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की पाच मिनिटांत कुणीतरी जुन्या टीव्ही गेमवर घसरतंच. तोच तो, टीव्हीला वायर जोडून, कॅसेट खुपसून खेळायचा! लोक म्हणतात, लहानपणीच्या आठवणी गोड असतात. या एकदा आमच्या स्टाफरूममध्ये! तीस वर्षं झाली, एकाचाही राग उतरलेला नाही. उलट दर सुट्टीत त्यात भरच पडते.

*

गौतम सर विज्ञान शिकवतात, मूळचे अनसिंगचे. लहानपणी वडिलांनी त्यांना वाशिमहून कॅसेट आणून दिली. वर ठसठशीत छापलेलं, '९९९९ गेम'! सरांनी वही घेतली आणि एकेक गेम खेळून त्याची नोंद करायला लागले. शंभराव्या नंबरवर कळलं, गेम चारच आहेत! कुठे नाव बदललेलं, कुठे नुसता आभाळाचा रंग.

सर वही घेऊन दुकानात गेले. "काका, ह्यात चारच गेम हायेत!"

दुकानदारानं वही शांतपणे चाळली. "शंभरच तपासले तुनं. बाकीचे तपासून ये, मंग भांडू!"

*

राठोड सर मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे. तांड्यात टीव्ही एकच, त्यांच्या काकांचा. काकांचं ठाम मत, गेमनं पिक्चर ट्यूब खराब होते. त्यामुळे दिवसाला अर्धा तास, तोही काका शेजारी बसलेले असताना!

पुढे गेम बिघडला, फेकून दिला. त्यानंतर तीन वर्षांनी घरावर वीज पडली आणि टीव्ही जळाला. अख्ख्या तांड्यानं वीज पडताना पाहिली. काका म्हणाले, "तुह्या गेमनंच गेला!"

मागच्या महिन्यात काकांचा भिंतीवरचा नवाकोरा टीव्ही बंद पडला. राठोड सर वर्गात असताना फोन आला. "खरं सांग, तवा अर्ध्या तासाच्या वर किती खेयला होता तू?"

*

माझंही ऐका. नववीचा निकाल लागला त्याच दिवशी आईनं माझा गेम लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. "दहावी झाली की देतो."

दहावी झाली. "बारावी होऊ दे." बारावी झाली. "डीएड होऊ दे." नोकरी लागली, तेव्हा मी ऑर्डर हातात घेऊनच घरी गेले. "आता दे!"

आई म्हणाली, "तो? तो त तू अकरावीत होती तवाच भांडेवालीले देल्ला. जुन्या साड्यायसोबत. कढई भेटली."

"मंग इतके वर्स मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त शिकली असती का तू?"

*

यंदा कॉम्प्युटरला एक नवीन सर आलेत, वय चोवीस. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "अहो, हे सगळे गेम आता मोबाइलवर मिळतात. मी तर परवाच शेवटपर्यंत गेलो."

शेवटपर्यंत? आमच्यापैकी एकही जण कधी तिथं पोचला नव्हता! लोडशेडिंगनं पोचूच दिलं नाही.

"जीव किती होते?" गौतम सरांनी विचारलं.

"जीवाचं काय सर? दर दोन मिनिटांनी सेव्ह करायचं. मेलो तर तिथूनच पुढे."

गौतम सर ताडकन उठले. "मेला की पुन्हा पहिल्यापासून! हे खेयनं नाही, हे पुस्तक पाहून पेपर लिहिनं हाये!" असं म्हणून त्यांनी तो मोबाइल कॉपी पकडल्यासारखा जप्त केला. शाळा सुटेपर्यंत दिला नाही.

*

शबाना मॅडम गणिताच्या. आठ वर्षांच्या असताना मोठा भाऊ एक रिमोट स्वतः घ्यायचा, दुसरा यांच्या हातात द्यायचा. अख्खी उन्हाळी सुट्टी खेळल्या. भाऊ सारखा म्हणायचा, "वाह, क्या खेल रही तू!" शाळा उघडल्यावर यांनी वर्गात सांगितलं, मी तिसरी स्टेज पार केली. चार मैत्रिणी बघायला घरी आल्या. त्यातली एक टीव्हीमागे डोकावली आणि म्हणाली, "शबाना, तुह्या रिमोटची वायर त लावेलच नाही!"

पोरी वर्षभर हसल्या. भावानं कधी माफी मागितली नाही.

या ईदला तो सहकुटुंब आला आणि पोरांना हाच किस्सा खो-खो हसत सांगायला लागला. मॅडमनी सगळ्यांना शीरखुर्मा वाढला. भावासमोर रिकामी वाटी आणि चमचा ठेवला, पदर सावरून समोर बसल्या आणि म्हणाल्या,

"वाह भाईजान, क्या खा रहे आप!"