कंपनीच्या लेखी मी पेडगावात होतो

या ग्रुपवर मी बऱ्याच वर्षांपासून आहे, पण वाचक म्हणून... आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून. पिंपळ, पैंजण, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई. वाचायचं, मनातल्या मनात चार शंका काढायच्या आणि पुढं सरकायचं. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले अंगारे-धुपारे, अंगात येणं, सगळं बंद झालं. भूत हा शब्द आमच्याकडं फक्त लहान पोरांना चिडवायला. त्यात माझं काम नेटवर्किंगचं. तिथं काहीही बिघडलं की त्याला कारण असतं. सापडलं नाही तरी असतं, एवढा माझा विश्वास.

होता.

मी परभणीत वसमत रोडच्या बाजूला भाड्यानं राहतो. बायको प्रणिता शाळेत शिक्षिका. कंपनी पुण्याची, काम घरून. माझी आत्या, कमलआत्या, पेडगावात एकटी राहायची. आरोग्य खात्यात नर्स होती. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी गाव तिला अजून ‘शिस्टर’च म्हणतं. तिला मूलबाळ नाही, मालक लवकर गेले. माझी आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो. तेव्हापासून इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मी तिच्याचकडं वाढलो. परभणी ते पेडगाव म्हणजे बाईकवर अर्धा तास. हे अंतर लक्षात ठेवा, कारण माझ्याकडं दुसरी कुठलीच सबब नाही.

लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन आत्याकडंच राहिलो होतो. मधल्या खोलीत खिडकीजवळ टेबल टाकलं, फायबरचं कनेक्शन घेतलं. आमच्या क्लायंटचे सर्व्हर कोणालाही आत घेत नाहीत. ज्या घरातून काम करणार त्या कनेक्शनचा पत्ता कंपनीत नोंदवायचा, आणि त्याच पत्त्यावरून आलात तरच दार उघडणार. मी पेडगावचा पत्ता नोंदवला.

पुढं लग्न झालं, परभणीत भाड्यानं घर घेतलं. नवीन पत्ता नोंदवायचा म्हणजे मॅनेजर, मग सिक्युरिटीवाले, मग क्लायंट, सगळ्यांना मेल. मी आळस केला. त्यापेक्षा आत्याच्या टेबलावर पानाच्या डब्याएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवून दिला. स्क्रीन नाही, की-बोर्ड नाही, नुसता डबा आणि एक हिरवा दिवा. माझ्या परभणीच्या लॅपटॉपपासून त्या डब्यापर्यंत टनेल टाकला — म्हणजे कुलूपबंद बोगदाच समजा. मी जे काही टाइप करीन ते बोगद्यातून आत्याच्या मधल्या खोलीत निघायचं आणि तिथून पुढं कंपनीकडं जायचं. वाटेत कोणी डोकावलं तरी काही कळणार नाही. आणि कंपनीला दिसायचं ते एवढंच, की सिद्धार्थ पेडगावच्या घरात बसून काम करतोय.

डबा लावला त्या दिवशी आत्यानं विचारलं होतं, “हे काय करतंय रे?”

“माझं काम ह्याच्यातून चालतं. ह्याचं बटन बंद करू नको.”

“म्हंजे तू हितं बसूनच काम करनार?”

“तसंच समज,” मी म्हणालो. घाईत होतो.

सुरुवातीला तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. कधी येतोस? ह्या रविवारी ये. प्रणिताला घेऊन ये. मी ‘बघतो’ म्हणायचो. मग हळूहळू तिचं ते विचारणं थांबलं. फोन यायचा, पण ‘ये’ म्हणायची नाही. मला बरं वाटलं, लाज वाटते लिहायला... पण बरंच वाटलं. वाटलं, समजून घेतलं तिनं.

दिवाळीनंतर एका रविवारी गेलो. ती ओसरीत तूर निवडत होती. मी “जयभीम आत्या” म्हणालो तर तिनं चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं.

“आज बोलायलास की रे!”

“म्हणजे?”

“रोज येतोस, पाठ करून बसतोस, उठून जातोस. ना च्या, ना पानी. म्या म्हनलं जाऊ दे, कामाचा लय ताप असंल.”

मला तो टोमणा वाटला. आत्या टोमणे मारण्यात पहिल्यापासून पटाईत. मी हसलो, तीही हसली. परत येताना प्रणिताला सांगितलं, तर ती म्हणाली, “डोकं तर ठीक आहे ना त्यांचं?” ठीकच होतं. गावातल्या लेकरांच्या डोसच्या तारखा तिला अजून तोंडपाठ होत्या.

त्यानंतर जे झालं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. भरदुपारची वेळ. प्रणिता शाळेत, घरात मी एकटा. क्लायंटचा डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचं काम चालू होतं, सगळी टीम मीटिंगमध्ये. कॅमेरा बंद होता म्हणून मी बनियनवरच बसलो होतो. कानात हेडफोन, डोळे स्क्रीनवर. त्या वेळी मला असं जाणवलं की मागून कोणीतरी बोलावतंय. आवाज ऐकला असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. तुम्ही कामात गुंग असता, घरातलं कोणी दोन-तीनदा हाक मारतं आणि तुम्हाला वैताग येतो ना... तसा वैताग आला. मी मागं न बघताच म्हणालो, “थांब की जरा, मीटिंग चालूये.”

पुण्याचा एक जण म्हणाला, “सिद्धार्थ, म्यूट कर. घरचे बोलतायत का?”

मी म्यूट केलं. मग मागं वळून बघितलं. खोली रिकामी, दाराला आतून कडी. मनाचा खेळ म्हणून पुन्हा कामाला लागलो. काम झकास झालं त्या दिवशी. मॅनेजरनं सगळ्यांसमोर नाव घेतलं.

दिवस मावळायला फोन आला. आत्याच्या शेजारच्या सुमनकाकूंचा. “सिद्धार्थ, कुटं गेलास तू? शिस्टर पडल्यात. ये लवकर!”

मी पोहोचलो तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पडलेली. काकूंनी डोक्याखाली गोधडी दिली होती, गावातली माणसं जमली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारपासून ती तिथंच होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. स्वयंपाकघराचा उंबरा आणि मधल्या खोलीचं टेबल — मधे दार नाही. पडल्या जागेवरून टेबलापुढची खुर्ची समोरच दिसते.

गाडी येईपर्यंत सुमनकाकू मला बाजूला घेऊन गेल्या. बाई तशी मायाळू, पण तेव्हा माझा दंड सोडत नव्हती.

“तुला काय म्हनावं रं? दुपारी म्या तुमच्या दारावरून शेतात चालले व्हते. शिस्टरच्या हाका ऐकू आल्या. म्हनून खिडकीतनं बघितलं, तर तू बसलेला टेबलापाशी. म्हनलं पोरगं हाय घरात, बघंल. म्हनून म्या गेले. आन् तू तसाच उठून गेलास?”

“काकू, मी परभणीत होतो.”

“मला डोळे न्हाईत का? बनेनवर बसला व्हतास. खटखट, खटखट चाललं व्हतं तुझं.”

मंडळी, त्या टेबलावर की-बोर्ड नाही. आणि मी घरी बनियनवर बसलो होतो हे प्रणितालासुद्धा माहीत नव्हतं, ती शाळेत होती.  मी खोटं बोलतोय असंच काकूंना वाटलं. आजही वाटतं.

परभणीत एका खाजगी दवाखान्यात आत्याला ॲडमिट केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती जरा शुद्धीवर होती, दुखणं औषधानं दबलं होतं. काकू आणि ती तोवर एकमेकींशी याबद्दल बोलल्या नव्हत्या. काकूंनी पाणी पाजलं तेव्हा ती ग्लानीत होती, आणि त्यानंतर मी तिच्याजवळून हललो नव्हतो. मीही विषय काढला नाही. तिनंच माझा हात धरला.

“मनाला लावून घिऊ नको.”

“काय?”

“म्या हाका मारल्या ते. तुझं काम चालू व्हतं.”

मी तिची चादर सारखी केली.

“तू म्हनलास ना, थांब की जरा, मीटिंग चालूये. मग म्या थांबले. म्हनलं, व्हईल आता, उठंल. लय येळ थांबले बघ.” मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, “ड्यूटी म्हनल्यावर आसंच आसतंय. म्या काय कमी बायांना थांबा म्हनलंय व्हय?”

मी वॉर्डच्या बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. मला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे सांगितलं पाहिजे. अमानवीय वगैरे शब्द डोक्यात आलाच नाही. मनात एकच — ते शब्द मी बोललो होतो. माझ्याच तोंडचे होते. परभणीत बोललो की पेडगावात, याचा हिशेब मग.

ऑपरेशन नीट झालं. मी दुसऱ्या दिवशी पेडगावला जाऊन डबा काढून आणला. इंजिनिअरच्या सवयीनं उघडून तपासला. कोणी बाहेरचं शिरलं होतं का, काही वेगळं चाललं होतं का, सगळं पाहिलं. त्याच्यातून गेलं-आलं ते फक्त माझं होतं. माझ्याशिवाय त्यात कोणीच नव्हतं. तो कधी आवाज वाहून नेईल असं काही मी त्यात घातलंच नव्हतं. मीटिंगचा आवाज तर त्या बोगद्यातून जातच नव्हता, तो माझ्या घरच्या इंटरनेटवरून सरळ जायचा. आणि त्या डब्याला ना स्पीकर, ना माइक.

मॅनेजरला फोन करून खरं सांगितलं. म्हटलं नोकरी गेली तर जाऊ दे. तो थोडा रागावला, मग म्हणाला नवीन पत्ता मेल कर. दोन दिवसांत झालं काम. ज्यासाठी मी एवढा बोगदा खणला ते एका मेलचं काम होतं.

तुम्ही सांगाल त्या शंका मी स्वतःच काढून बसलोय. आत्याला वयामुळं भास होत असतील. मान्य. सुमनकाकूंना उन्हातून आत बघताना काही दिसलं असेल. मान्य. पण दोघींना एकच माणूस, एकाच वेळी? आणि माझे शब्द जसेच्या तसे? डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, “योगायोग.” योगायोग हे कारण नसतं, कारण न सापडल्याची पावती असते, हे आमच्या धंद्यात शिकवतात. एका भन्तेजींनाही भेटलो. ते म्हणाले, चित्त जिथं गुंततं तिथं माणूस असतो. मी म्हणालो, माझं चित्त आत्यापाशी कधीच नव्हतं भन्ते, तीच तर रड आहे.

आत्या आता आमच्याकडं परभणीत असते. वॉकर धरून ओट्यापर्यंत जाते, प्रणिताच्या हातच्या आमटीला नावं ठेवते. मी माझं टेबल तिच्या पलंगासमोर आणलंय, तोंड तिच्याकडं करून बसतो. मधेमधे मीटिंग सोडून उठतो, पाणी देतो, पाय चोळतो. तिनं बोलवायच्या आधीच उठतो... तिला त्याचाही कधीकधी जाच होतो.

तरी मधनंमधनं तिचं चालू असतं, पेडगावला सोड मला. मागच्या आठवड्यात मी जरा चिडूनच म्हणालो, “आत्या, तिथं कोण आहे आता? इथं मी आहे ना, रोज तुझ्यासमोर.”

तिनं माझ्याकडं बघितलं. अशी बघते की तपासतेय असं वाटतं.

“तू हायस रे,” ती म्हणाली. “तू म्या पडल्यावर आलास. त्यो आधीपासून येत व्हता.”