सुशीला कोणत्या रकान्यात?

मैत्रिणींनो, आठवतं का, शाळेत सिस्टर आपल्याला वहीत समास आखायला लावायच्या आणि समासाबाहेर गेलेलं अक्षर खोडायच्या? डबा खाताना आपण त्यांची नक्कल करायचो.

आई गेल्यावर आज अकोल्यात तिच्या वस्तूंची वाटणी झाली. पुण्याच्या भाचीनं त्यासाठी वेबपेजवर टेबल बनवलं होतं. वस्तू, घेणारा, नातं असे रकाने. "आत्या, प्रत्येक रकाना ठरलेलीच माहिती घेतो. चूक होऊच शकत नाही," ती म्हणाली. टाइप मी करत होते.

आईला अकरा वर्षं न्हाऊमाखू घालणाऱ्या सुशीलेला आईची शाल द्यावी, म्हणून मी तिचं नाव लिहिलं. नात्याच्या यादीत मुलगा, मुलगी, सून, नातवंडं एवढंच होतं. चौकट लाल झाली.

"ते आपली कोन लागते?" दादा म्हणाला.

वहिनी हसली. "तिले वस्तूत टाका ना, तिथं कायबी चालते. माह्या नावावर लिवा. मले कामाले बाई पाह्यजेच."

वस्तू: सुशीला. घेणारा: वहिनी. नातं: सून. चौकट हिरवी झाली. सगळे हसले, आणि सेव्ह मीच दाबलं.

सुशीला चहा घेऊन दारातच उभी होती. "साखर पाहा ताई, कमी हाय का," एवढंच म्हणाली.

तुम्ही साक्षीला राहा. शाल माझ्या वाट्याला आली आहे, ती उद्याच सुशीलेला. मी गेल्यावर माझ्या पाटल्याही तिलाच. पुस्तकं भाचीला. वहिनीला काही देऊ नका, तिला माणूस मिळालं आहे.