सायखेड्याची लाल गाडी आणि ट्रेलरवरच्या खडूच्या रेघा

आधीच सांगते — भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे, मोजता येत नाही ते मी धरत नाही. तरी इथले अनुभव वाचून वाटलं, आपलाही लिहावा. यात घाबरण्यासारखं काही नाही. मला तर आठवलं की हसूच येतं...

२००३ चा जानेवारी. आम्ही नाशिक रोडला राहायचो. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांना सायखेड्यात एक गाडी सापडली होती — दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी लाल स्पोर्ट्स कार. मालक वारल्यापासून द्राक्षबागेतल्या शेडमध्ये पडून होती. त्यांच्या पत्नी शकूमावशींनी आलेली सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली होती. बाबांना मात्र हो म्हणाल्या. का, तर बाबांनी काही बोलायच्या आधी खिशातला रुमाल काढून बॉनेटवरची धूळ पुसली!

इंजिन बंद, म्हणून गाडी न्यायची ट्रेलरवरून. बाबांनी आणि मी महिनाभर खपून तो बनवला. जुन्या जीपचा ॲक्सल, लोखंडी सांगाडा, वर फळ्या. ओढायला बाबांचे मित्र गायकवाडकाका आणि त्यांची जीप.

न्यायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी ढकलून गाडी वर चढवली. हँडब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढून-मागून दोर आवळले. गाडी सरकली तर कळावं म्हणून मी चारही टायरांभोवती फळ्यांवर खडूने रेघा मारल्या. शकूमावशींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि पिशवी घेऊन थेट जीपमध्ये येऊन बसल्या.

"मावशी, तुम्ही कुठे?"

"पोरगी सासरी चालली, पाठराखीण नको का? दोन दिस राहते अन् येते माघारी."

बाबा खूश! पण गोदावरीचा पूल ओलांडून काकांनी जरा वेग घेतला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. जीपसुद्धा त्याच्याबरोबर फेकली जात होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तो कसाबसा चुकवून काकांनी चांदोरीजवळ एका टपरीसमोर जीप थांबवली.

कारण माझ्या लक्षात आलं. गाडीचं वजन ट्रेलरच्या चाकांमागे जास्त पडत होतं. ती वीतभर पुढे घ्यायला हवी होती, म्हणजे सगळं सोडून पुन्हा बांधणं आलं.

शकूमावशींचा चेहरा उतरला. "तिला यायचं नाय, भाऊ. माघारी फिरवा."

बाबांचं तोंड एवढंसं झालं! कसंबसं म्हणाले, "ताई, चहा घेऊ. मग तुम्ही म्हणाल तसं."

समोरच्या बाकावर आम्ही चौघं ट्रेलरकडे तोंड करून बसलो. मावशी बशीत चहा ओतत गाडीकडे बघून पुटपुटल्या, "मी हाय ना संगं. नीट बस की जरा."

चहा झाला. मी दोर सोडायला गेले... आणि तिथेच उभी राहिले.

गाडी पुढे आली होती. चारही टायर रेघा सोडून वीतभर पुढे! ठोकळेही टायरांना चिकटून पुढे आलेले. हँडब्रेक ओढलेला. गाठी माझ्याच, दोर तसेच ताठ. मागचा दोर तुटल्याशिवाय गाडी पुढे सरकूच शकत नाही हो!

"बाबा, तुम्ही...?"

"अगं, मी तुझ्या शेजारी बसलो होतो!"

ट्रेलरजवळ कुणीही गेलं नव्हतं. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. गायकवाडकाकांनी ट्रेलरभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "आता डोकं चालवू नका. बसा."

निघालो. ट्रेलर अगदी सरळ! खिडकीतून डोकं काढून मावशी ओरडल्या, "बसली बया!" आणि नाशिक रोड येईपर्यंत त्यांनी लग्नातली गाणी म्हटली. बाबा हसत होते आणि डोळे पुसत होते. कॉलनी सगळी खाली उतरली, आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मावशी दोन दिवसांऐवजी आठवडाभर राहिल्या.

रस्त्याचा उतार, दोराचा ताण, हादरे... नंतर मी कागदावर सगळं मांडून पाहिलं. गणित जुळत नाही. आजही नाही.

पुढे बाबांनी गाडी चालू केली, पण लांब कुठे न्यायची तर ट्रेलरवरूनच. गाडी वर चढली की ते तिलाच विचारायचे, "इथे बरं वाटतंय ना गं?" आणि दोर आवळायच्या आधी जरा वेळ थांबायचे. मी आधी हसायचे. मग केव्हातरी मीही त्यांच्या शेजारी दोर हातात धरून थांबायला लागले.