वडिलांनी कापलेलं नाव

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना मी चार वर्षं एका सरकारी स्पर्धा परीक्षेत नापास होत होतो आणि त्याच चार वर्षांत उत्तम सूत्रसंचालक झालो. आमच्या मराठी मंडळात दर उन्हाळ्यात गुणवंतांचा सत्कार असे. कुणी सी.ए. झालेला, कुणाला मेडिकलला प्रवेश मिळालेला. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्यांच्या यशाबद्दल मी इतकं सुंदर बोलायचो की आया डोळे पुसायच्या. उत्तरं लिहिण्यासाठी आणलेल्या वह्यांत मी प्रास्ताविकं लिहीत असे. परीक्षेत टाळ्या वाजत नाहीत, इथे वाजायच्या. फरक एवढाच होता, पण तो मला पुरला.

वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. घरातही ते फाइलीतलंच बोलायचे. पहिल्यांदा नापास झालो तेव्हा म्हणाले, "नोंद घेतली." दुसऱ्यांदा तेवढंही नाही. पण चौथ्या वर्षी मी मुलाखतीपर्यंत पोचलो आणि आयुष्यभर नियमाने चाललेल्या या माणसाने एक चूक केली. त्यांच्या ऑफिसात मंजुरी येणारच असं गृहीत धरून कामं पुढे सरकवायची पद्धत होती. तसं त्यांनी निकालाआधीच मंडळाच्या सचिवांना माझं नाव सत्कारासाठी देऊन टाकलं. मला सांगितलं नाही.

निकाल शनिवारी लागला. यादीत मी नव्हतो. रविवारी सत्कार होता. जाऊ नकोस असं आई म्हणाली, पण माइक माझ्याशिवाय कोण धरणार, असं मला वाटलं. खरं तर माइक सोडून मला धरायला दुसरं काहीच नव्हतं.

स्टेजवर सचिवांनी टाइप केलेली यादी हातात दिली. पाच नावं होती. पाचवं माझं. त्यावर निळ्या पेनाने एक सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी रेघ होती, आणि शेजारी वडिलांची छोटी सही, खाली तारीख. मी चार नावं वाचली. चारही वेळा टाळ्या झाल्या. पाचवी शाल सचिवांनी प्रमुख पाहुण्यांना घातली. पाहुण्यांना आधीच एक घातलेली होती. तेही नाही म्हणाले नाहीत.

नंतर चहाच्या टेबलाशी नवा सी.ए. भेटला. आमच्याच ब्लॉकमधला, मी त्याला दहावीचं गणित शिकवलं होतं. खांद्यावरची शाल सावरत तो म्हणाला, "दादा, तू बोलतोस एकदम मस्त, यार. तू हेच कर ना."

वडील शेजारीच उभे होते. बशीत चहा ओतत म्हणाले, "तेच करतोय तो. चार वर्षं झाली."

सी.ए. हसला. मीही हसलो; सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना मी विचारलं, नाव कापलंत ते ठीक, पण सही कशाला?

"खाडाखोड केली की सही करावी लागते," ते आरशातच बघत म्हणाले. "नाहीतर उद्या तू म्हणशील, दुसऱ्याच कुणीतरी कापलं."

त्याच दुपारी मी सचिवांना फोन करून सांगितलं, यापुढे मी माइक धरणार नाही. नापास होणारे पुष्कळ पाहिले, पण वर माज करणारा पहिलाच, असं ते म्हणाले. वाक्य चांगलं होतं. मी अजून स्टेजवर असतो तर वापरलं असतं. प्रास्ताविकांच्या वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. ती यादी मी टेबलाच्या काचेखाली घातली. वयाच्या मर्यादेमुळे आता एकच संधी उरली होती. वडील पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते, मग हे घरही जाणार होतं. गणपतीत तालमींचे आवाज खिडकीतून यायचे. नवा सूत्रसंचालक भयंकर बोलत होता. मी खिडकी लावून घेतली आणि त्या उकाड्यात रोज तीन उत्तरं घड्याळ लावून लिहिली. संध्याकाळी वडील ती वाचायचे आणि फालतू शब्द कापायचे. प्रत्येक कापाकापीशेजारी सही.

पुढच्या उन्हाळ्यात सचिवांनी स्वतःहून विचारलं, यंदा नाव द्यायचं का? वडील नाही म्हणाले. एकदा पोळलेला कारकून होता तो. यादी टाइप झाली, वाटली गेली, आणि सत्काराच्या आदल्या दिवशी निकाल लागला. खालच्या क्रमांकाने का होईना, मी होतो.

सत्काराच्या वेळी, त्या वर्षी सूत्रसंचालन करणारी कॉलेजातली मुलगी शेवटच्या नावाशी अडखळली. टाइप केलेल्या चार नावांखाली ते निळ्या पेनाने हाताने लिहिलेलं होतं. माइकवर हात ठेवून तिने स्टेजवर शेजारीच बसलेल्या मला हळूच विचारलं, "नाव समजलं, पण बाजूला हे काय लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं. सही होती, खाली तारीख.

"ते वाचायचं नाही," मी म्हटलं. "ते माझे वडील आहेत."