मास्तरांचं मोठं कुत्रं

तापीच्या घाटावर एक निवृत्त मास्तर रोज सकाळी आपलं मोठं कुत्रं फिरवायला आणत. कुणी समोर आलं की पट्टा आखडून भिंतीकडे सरकत आणि म्हणत, "घाबरू नका भाऊ, काही करत नाही हा." माझं छोटं पामेरियन मात्र मोकळंच सगळ्यांवर भुंकायचं आणि मी हसायचो.

एकदा माझं कुत्रं मास्तरांच्या कुत्र्याच्या कानाला कडकडून चावलं. मोठं कुत्रं नुसतं उभं राहिलं. मास्तरांनीच मला विचारलं, "तुमच्या पिल्लाला लागलं तर नाही ना?"

रक्त पाहून जमलेले लोक मात्र म्हणाले, "असलं मोठं कुत्रं वस्तीत नको." चावलं माझं कुत्रं होतं, हे मी सांगितलं नाही. मास्तरांनी त्याला डोईफोडिया गावी भाच्याच्या शेतावर नेऊन सोडलं.

परवा ते एकटेच भेटले. "तिकडं जेवत नाही म्हणे," एवढंच म्हणाले, आणि खाली बसून माझ्या कुत्र्याला कुरवाळू लागले.