टाळू भरायच्या तेलात मिसळलेलं औषध

रविवारी सकाळी कळमनुरीला दादाकडे गेले होते. संध्याकाळी डोंगरकडा गावी अंधश्रद्धेवर माझं व्याख्यान होतं, म्हटलं वाटेत नातीला बघून जावं. माझा भाचा प्रवीण आणि त्याची बायको कोमल, त्यांची ही सात-आठ महिन्यांची पोरगी... जावळ काढल्यापासून मी तिला पाहिलंच नव्हतं.

एवढ्या उन्हाच्या तडाख्यात लेकराच्या डोक्याला कानटोपी. मी ती सहज काढली आणि हात तिथंच थांबला.

कपाळावर केस. गालांवर, दंडांवर, झबल्याच्या आत पाठभर. बाळांना असते तशी लव नव्हे... काळे, लांब केस.

वहिनींनी, म्हणजे बाळाच्या आजीनं, दार लोटून घेतलं. "ताई, कोणाला सांगू नका. कोमलनं पोटुशी असताना गिराणात इळीवर भाजी चिरली, त्याचं झालं म्हणून राहिले सारे. उद्या सेनगावकडं एका बाबाकडं न्यावं म्हणतो."

कोमल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. ग्रहणाचा डाग आईच्या माथी मारून सगळं घर मोकळं झालं होतं... माझं डोकं फिरलं. डोंगरकड्याचं भाषण मी तिथंच सुरू केलं. सूर्य, चंद्र, सावली, बाईच्या माथी मारलेली शतकानुशतकांची पापं... दादा खाली मान घालून ऐकत होता.

मधेच कोमल बोलली. "आत्या, ते सगळं खरं हाय. पण आधी हिच्या छातीवर हात ठेवून बघा."

ठेवला. ते एवढंसं काळीज चिमणीसारखं उडत होतं. मुलगी रडत नव्हती, खेळत नव्हती, नुसती पडून होती. माझं भाषण तिथंच संपलं.

हिंगोलीत ओळखीच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत. रविवार असूनही त्यांनी लगेच बोलावलं. प्रवीणनं गाडी काढली. कोमल, वहिनी आणि मी मागे बसलो.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ईसीजी काढला. मग ग्रहणाचं नाही, बाबाचं नाही, एकच विचारलं... "घरात केस वाढायचं औषध कोण लावतं?"

प्रवीण चपापला. लग्नानंतर त्याचं कपाळ मागं सरकायला लागलं होतं. नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला मिनॉक्सिडिल दिलं, त्यानं नेमानं लावलं आणि खरंच गुण आला. "मी लावतो मॅडम. पण हात साबणानं धुतो. उशीसुद्धा वेगळी हाय माझी."

तेव्हा कोपऱ्यातून वहिनींचा आवाज आला. "त्याचा दोष न्हाई. मीच घालत होते... टाळू भरताना, तेलात."

रोज सकाळी न्हाऊ घालून, मायेनं, थोपटून थोपटून लेकराच्या टाळूवर ते औषध जिरवलं जात होतं...

"प्रवीणला केस आले ते साऱ्या गल्लीनं पाह्यलं," वहिनी म्हणाल्या. "जावळ काढल्यावर पोरीचे विरळच येऊन राहिले होते. बापाला गुण येतो तर लेकराला काहून न्हाई?"

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, ते तेल नाही. हेच औषध गोळीतून ब्लड प्रेशर उतरवायला देतात. बाळाच्या कातडीतून ते रक्तात गेलं, म्हणून अंगभर केस आणि म्हणून ही धडधड." आवाज शांत. कपाळावर आठी नाही.

आठी माझ्या कपाळावर होती. "आणि तुम्ही कोमलला बोल लागू दिलात?" मी विचारलं.

"मला कुठं ठावं होतं ताई, ह्याच्यानं झालं म्हणून..." त्यांनी पदर पुढे ओढला. "पोरीची जात हाय. विरळ केसाच्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते मी उभा जन्म ऐकलंय."

वहिनींच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नाही. आम्ही सगळे ती रीत समजत होतो...

बाळाला संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवलं. ठोके हळूहळू जागेवर आले. औषध बंद केलं की अंगावरचे केस काही महिन्यांत आपोआप जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी कोमलच्या बांगड्या ओढून हसली तेव्हा प्रवीण बाहेर जाऊन रडून आला. डोंगरकड्याला मी फोन करून व्याख्यान रद्द केलं.

निघताना डॉक्टरांनी वहिनींना थांबवलं. "तुमचे केस कधी कोणाला दाखवलेत?"

"आता म्हातारपणी काय दाखवायचे?"

"बायकांनाही उपाय असतात आजी. आधी रक्त, थायरॉईड बघू, मग कातडीचे डॉक्टर ठरवतील. गेलेले सगळे परत येतील असं नाही, पण आहेत ते टिकतील. बघू द्या बरं."

वहिनी दाराकडे बघत राहिल्या. बाहेर दोन पेशंट बसले होते. तेव्हा कोमल उठली... सासूच्या चुकीचे बोल महिनाभर ऐकलेली कोमल... बाळाला कडेवर घेऊन गेली आणि केबिनचं दार आतून लावून घेतलं.

मग वहिनींनी पदर मागे सारला.

तुमच्या घरात अशी बाटली असेल तर कृपा करून तेलाच्या बाटलीशेजारी ठेवू नका, आणि ती कशाची आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, सांगा. त्या डॉक्टर बाईंचे आभार कसे मानू कळत नाही. त्या रागावल्या असत्या तर वहिनींच्या तोंडून ते कधीच निघालं नसतं, आणि टाळू रोज तशीच भरली गेली असती.

त्यांच्या जागी मी असते तर नक्की रागावले असते...